एकच ढिलं म्यान

माझ्या दुकानात पाऊल टाकणाऱ्याला आधी वास यायचा. अत्तराचा नाही, नव्या कापडाचाही नाही. मागच्या खोलीत शिजणाऱ्या सरसाचा. सरस म्हणजे कातडं उकळून केलेला डिंक. तो तापायला लागला की कपाटामागे उंदीर मरून पडलाय असंच वाटतं. इकडे एखादा नवरदेव शेरवानी चढवून आरशापुढे उभा असायचा, त्याची आई नाकाला पदर लावून विचारायची, "बेन, आ शेनी वास आवे छे?" आणि मी हसून सांगायची, गटाराचं काम चाललंय. सुरतेच्या या गोडादऱ्यात गटाराचं काम कुठे ना कुठे चाललेलंच असतं, त्यामुळे ते खपून गेलं असतं. पण एरवी चार हाका मारल्या तरी ओ न देणाऱ्या आप्पांना एवढंच नेमकं ऐकू जायचं. आतून खणखणीत आवाज यायचा, "गटार नही, सरस शे. बकरानं कातडं." मग ती बाई मुलाच्या अंगावरची शेरवानी उतरवायला लागायची.

आप्पा म्यानं बनवायचे. तलवारीची म्यानं. आजच्या काळात सुरतेत एक माणूस दिवसभर बसून हे करतो, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, लागतात कुणाला? लागतात. आमचं नवरदेवाच्या सामानाचं भाड्याचं दुकान आहे. शेरवानी, साफा, मोजडी, खोट्या मोत्यांच्या माळा आणि तलवार. मुलगा मार्केटमध्ये साड्यांची पार्सलं उचलणारा असो की हिरे घासायच्या घंटीवर बसणारा असो, घोडीवर चढताना त्याच्या कमरेला तलवार लागतेच. आमच्या तलवारी बोथट, वरून चमक मारलेल्या. त्यांची मखमलीची म्यानं फाटून लोंबायला लागली होती, तेव्हा ही ब्याद आमच्या घरी आली.

आणली आमच्या ह्यांनी. दोघं पूर्वी लूमच्या एकाच खात्यात, म्हणजे कारखान्यात, कामाला होते. आप्पा शिरपूरकडचे. त्यांचे वडील तिकडच्या मोठ्या घरांची म्यानं करायचे. ती विद्या आप्पांनी पोरवयात उचलली आणि मग पोटासाठी सुरतेला येऊन सारा जन्म लूमवर घातला. लूमने त्यांचे कान खाल्ले. पुढे खातेवाल्याला ते नकोसे झाले तेव्हा त्यांनी पेटीतून वडिलांची हत्यारं काढली. हे मला म्हणाले, "मागची खोली रिकामीच आहे, आपली म्यानं फाटलीयेत, आणि माणूस गाईसारखा गरीब आहे." एवढं बोलून हे कडोदऱ्याच्या युनिटवर निघून गेले. आणणारा दिवसभर कडोदऱ्याला आणि भोगणारी मी इथे. त्या गाईने पुढे मला किती लाथा मारल्या ते मलाच माहीत.

माझं मागणं साधं होतं. भाड्याचा धंदा आहे. संध्याकाळी तलवारी जातात, सकाळी येतात, कुठली कुठल्या म्यानात घालून आणतील त्याचा नेम नसतो. म्हणून सगळी म्यानं एका मापाची आणि जरा ढिली करा, कुठलीही तलवार कुठल्याही म्यानात गेली पाहिजे. साफ्याच्या पाकिटावर छापलेलं 'फ्री साइज' दाखवूनसुद्धा समजावलं. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सगळ्या नवरदेवांना मिळून एकच बायको आणा असं मी म्हटलं होतं.

"ढिलं म्यान मी करस नही," ते म्हणाले. "तल्वार निंघस घडीभर, ताई. बठस जलमभर."

हे वाक्य पुढे मी उठता-बसता ऐकलं. तलवार बाहेर असते ती घडीभर, म्यानात बसलेली असते ती जन्मभर, म्हणून तिला तिचं स्वतःचं, तिच्याच अंगाचं म्यान पाहिजे, असा त्याचा अर्थ. वीज गेली तरी हेच वाक्य, गिऱ्हाईक ताटकळलं तरी हेच वाक्य. 'झालं का?' असं विचारलं तर उत्तर कधी 'झालं' किंवा 'नाही झालं' असं सरळ यायचं नाही. "बठी राह्यनी," म्हणायचे, म्हणजे तलवार बसतेय. मुहूर्त तोंडावर, मुलाचा मामा दारात चपला न काढता उभा, आणि तलवार आपली बसतेय.

बरं, पत्र्याच्या भाड्याच्या तलवारीला एवढं करायची काही गरज होती का? पण आप्पांना बाभळीचं लाकूड चालायचं नाही, कारण त्याने पातं काळं पडतं. डांगातून हेदूचं लाकूड आणायचं. त्याच्या दोन फाका करून आतून पात्याच्या आकाराने कोरायच्या. मग पात्याला काजळ फासून ते आत घालायचं. बाहेर काढल्यावर लाकडाला जिथे काळं लागलं असेल तिथे पातं घासतंय असं समजायचं आणि तिथेच, केसाएवढं, तासायचं. पुन्हा काजळ, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. हे काजळ कुठलं, तर नवरदेवाला तीट लावायला मी गल्ल्याशेजारी ठेवलेल्या डबीतलं. आणि त्याच काळ्या हातांनी आप्पा बाहेर येऊन गिऱ्हाइकाच्या कमरेचा अंदाज घ्यायचे. पांढऱ्या शेरवानीवर त्यांची पाचही बोटं उठली त्या दिवशी मी ह्यांना कडोदऱ्याला फोन करून म्हणाले, एक तर हा माणूस ठेवा नाही तर मला. हे म्हणाले, "संध्याकाळी बोलू." अजून ती संध्याकाळ उजाडलेली नाही.

सगळ्यात कहर म्हणजे त्यांची परीक्षा. दोन्ही फाका सरसाने चिकटल्या, वरून ओलं कातडं शिवून चढवलं, वाळून ते लाकडाला घट्ट बसलं, तोंडाला आणि टोकाला पितळी टोपी लागली की आप्पा भर दुकानात येऊन उभे राहायचे. चप्पल काढायची. तलवार घातलेलं म्यान आपल्याच उघड्या पायावर उलटं धरायचं, मूठ खाली, आणि झटका द्यायचा. तलवार पडता कामा नये. मग म्यान सुलट करून, दोन बोटं आणि अंगठा एवढ्यानेच ती बाहेर ओढायची. अडता कामा नये. पडूही नये आणि अडूही नये. एकदा मी विचारलं की हे पायावरच कशाला, जमिनीवर केलं तर काय बिघडतं? म्हणाले, "जमीनले काय भ्याव शे?" जमिनीला भीती नसते, ही गोष्ट खरी. पण माझ्या दुकानात आलेल्या माणसांना असते. आप्पांनी झटका दिला की पाहणाऱ्या बायका डोळे मिटून घ्यायच्या, आणि एका मुलीने तर साखरपुड्याची खरेदी तिथेच सोडून बाहेर धाव घेतली होती.

माझं म्हणणं आप्पांनी ऐकलं नाही, त्याचं फळ लिंबायतच्या एका लग्नात मिळालं. फळ त्यांनी खाल्लं नाही, मीच खाल्लं. दोघा भावांची एकाच दिवशी लग्नं, दोघांच्या तलवारी आमच्याकडच्या. त्यांच्यात तोरणाची चाल होती. मांडवाच्या दारावर बांधलेल्या तोरणाला नवरदेवाने घोडीवरूनच तलवार उपसून लावायची आणि मगच आत जायचं. वरातीत मित्रांनी रील काढायला दोन्ही तलवारी नाचवल्या आणि परत घालताना अदलाबदल केली. थोरल्याची तलवार धाकट्याच्या म्यानात जोर करून बसवली. आत गेली, पण तोरणापाशी बाहेर येईना. नवरदेवाने मूठ ओढली, मित्राने खालून म्यान ओढलं, घोडी वैतागून बाजूला सरकली आणि नवरदेव मुठीला धरूनच मित्राच्या अंगावर आला. डीजे बंद पडला. शेवटी मुलीच्या काकांनी म्यानासकट तलवार तोरणाला टेकवली आणि 'चालतंय' म्हणून वेळ निभावली. त्या प्रसंगाचा व्हिडिओ सगळ्या सुरतेने पाहिला.

दुसऱ्या दिवशी धाकटा नवरदेव माणसं घेऊन भांडायला आला. मी हात जोडत होते. आप्पांनी ते म्यान हातात घेऊन लेकराला कुठे लागलंय का ते पाहावं तसं चहूकडून तपासलं आणि त्या मुलालाच झापलं.

"भाऊना जोडा तुना पायमा बठस का?"

"बसतो," तो मुलगा म्हणाला. "आम्ही एकमेकांचेच बूट घालतो. माप एकच आहे."

आप्पा म्यान काखेत मारून आत निघून गेले. मला आतून बरं वाटलं, हे कशाला लपवू? पण ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंतच टिकलं. ढिली म्यानं करायचं सोडून आप्पांनी प्रत्येक तलवारीच्या मुठीला आणि तिच्या म्यानाला एकाच रंगाचा दोरा बांधून टाकला आणि वर मलाच बजावलं की गिऱ्हाइकाला नीट समजावून सांगत जा. डझनभर रंग पाठ करायचं काम माझं वाढलं.

अशात एक दिवस एक म्हातारी कडोदऱ्याहून रिक्षाने आली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी तिने मांडीवर धरलं होतं. सोडलं तर आत तलवार. बोथट नव्हे, खरी, धारेची. म्यान वाळवीने खाल्लेलं, नुसता भुसा.

"मना नातूनं लगीन शे," आजी म्हणाली. "तोरणले हाईच तल्वार लागाले पाहिजे. गावनं आते हाईच उरनं शे, माय."

मी दुकानात सहसा अहिराणी बोलत नाही. धंद्याची भाषा गुजराती, नाही तर हिंदी. पण आजीशी बोलले आणि बोलण्याच्या भरात शब्दही देऊन बसले की लग्नाआधी म्यान तयार मिळेल. शब्द देताना माझ्या मागच्या खोलीत कोण बसलंय याचा मला विसर पडला होता.

आप्पांनी पातं डोळ्यापुढे आडवं धरलं. मधोमध किंचित वाकलेलं होतं. ते काही बोलेनात. आप्पा ओरडत असले की काम चालू आहे असं समजायचं. गप्प झाले की समजायचं, काहीतरी अडलंय. मग म्हणाले, नवरदेवाला घेऊन या. त्याची कंबर, त्याच्या हाताची लांबी, तो कसा ओढतो, हे सगळं पाहिल्याशिवाय लाकडाला हात लावणार नाही. आजी चपापली. म्हणाली, पोरगा इच्छापोरला एका कारखान्यात कंत्राटी कामाला आहे, त्याला सुट्टी नसते, तुम्ही अंदाजाने करा. आप्पांना 'अंदाज' हा शब्द शिवीसारखा लागायचा.

म्हणून मग आम्हीच गेलो. आप्पांना एकटं सोडायची सोय नव्हती. हजिऱ्याच्या रस्त्यावर, कारखान्याच्या गेटसमोर, पाळी सुटायच्या वेळी, काखेत दुकानातलं एक रिकामं म्यान घेऊन एक म्हातारा आणि त्याच्या शेजारी मी. गेटवरचा वॉचमन दोनदा येऊन गेला. "काका, ये क्या है? अंदर क्या है?" आत काही नाही हे त्याला पटेना, म्हणून त्याने हातातली काठी म्यानात घालून पाहिली. आप्पांनी ती काठी हिसकावून घेतली आणि त्याला म्यानाच्या तोंडाच्या नाजूकपणावर अहिराणीतून व्याख्यान दिलं. तो बिहारचा होता. मी दोघांच्या मध्ये उभी राहून हिंदीत माफी मागत होते.

मुलगा आला. उंच, चांगला, डोळे खाली. उजवा हात पँटच्या खिशात. आप्पांनी भर रस्त्यात त्याच्या कमरेला म्यान बांधलं. भोवती पाळी सुटलेले कामगार उभे राहून पाहायला लागले. आप्पा म्हणाले, आता मूठ धरल्यासारखं कर. मुलाने डावा हात पुढे केला.

"खिसामाईन हात काढ," आप्पा म्हणाले.

"राहू द्या ना, काका."

"माले दखू दे."

मुलाने हात काढला. अंगठ्याच्या शेजारची दोन बोटं मुळापासून नव्हती. प्रेस मशीनमध्ये गेलेली. अंगठा आणि शेवटची दोन बोटं, एवढाच हात.

"मुलीला माहीत आहे," तो घाईने मला म्हणाला, जणू मी त्याच्यावर काही आरोप केला होता. "तिच्या घरच्यांनाही. त्यांचं काही नाही. पण मांडवात हजार माणसं असतात. मी म्हणतोय, कोर्टात करू. घोडी नको नि तोरण नको. आजी ऐकत नाही. ती व्हिडिओ पाहिली ना तुम्ही, लिंबायतवाली? त्याला तर दसही उंगल्या होत्या." त्याने डाव्या हाताने फोन काढला आणि तो व्हिडिओ आम्हाला दाखवायला लागला. तलवार आमची होती, हे त्याला कोण सांगणार? मी रस्त्याकडे पाहत राहिले.

आप्पांनी व्हिडिओकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी मुलाचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, एकेक बोट दाबून पाहिलं. मग स्वतःचा अंगठा त्याच्या तळव्यात दिला आणि म्हणाले, "दाब." मुलाने दाबला. "आखो दाब." त्याने आणखी दाबला. आप्पांनी अंगठा सोडवून घेतला आणि म्यान सोडायला लागले.

परतीच्या बसमध्ये मी म्हणाले, डाव्या हाताने उपसू द्या की, जग काय बुडतंय? आप्पांनी ऐकू न आल्यासारखं केलं. घरी जाऊन आजीला फोनवर तेच विचारलं तर आजी म्हणाली, "तो सोता नही म्हनस, माय." मुलगाच तयार नव्हता. करायचं तर उजव्याच हाताने, लपवाछपवी वाटेल असं नको, नाही तर मुळीच नको, असं त्याचं म्हणणं. मग एकच वाट उरली. मी आप्पांसमोर जाऊन बसले आणि त्यांच्या कानाजवळ ओरडून म्हणाले, "ढिलं करा. या एका पोरासाठी ढिलं करा."

"ढिलं म्यान मी करस नही."

मला असा संताप आला की सरसाचं भांडं उचलून रस्त्यावर फेकावं. मी म्हणाले, तुमची रीत घेऊन बसा. हजार माणसांसमोर त्या पोराच्या हातात तलवार अडली तर तो जन्मात कुणासमोर हात बाहेर काढणार नाही. तुमच्या म्यानाची काळजी, त्या हाताची नाही. आप्पा पात्याला काजळ लावत राहिले. ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

पुढचे दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पण जे दिसायचं ते दिसायचं. आप्पांनी आपल्या उजव्या हाताची तीच दोन बोटं तळव्याशी दुमडून दोऱ्याने बांधून टाकली होती. तसंच तासायचे, तसंच शिवायचे, तसाच चहाचा कप उचलायचे आणि अर्धा सांडायचे. त्या हाताने तलवार ओढून पाहायचे. अडायची. आत एक केसभर तासायचे, पुन्हा ओढायचे. भाकरी मोडता येईना म्हणून माझ्या मुलीला हाक मारून मोडून घ्यायचे, आणि मीठ कमी आहे म्हणून वर बोलायचे. मी एकदा म्हणाले, सोडा तो दोरा, जेवताना तरी सोडा. म्हणाले, "तो सोडस का?"

लग्न दोन-तीन दिवसांवर आलं होतं. दुपारची वेळ, दुकानात गर्दी. मागून खणकन आवाज आला, पण त्याच्यामागून ओरडणं आलं नाही. मी आत गेले. आप्पा उलटं म्यान हातात धरून तसेच उभे होते. तलवार जमिनीवर. पायावरून रक्त वाहत होतं.

"पडनी," ते शांतपणे म्हणाले. "आते बराबर शे."

डॉक्टरकडे नेलं, टाके पडले. रिक्षात मी रडवेली होऊन त्यांना विचारलं, पडणार हे तुम्हाला माहीत होतं, मुद्दाम ढिलं केलंत, मग पाय कशाला ठेवलात खाली? म्हणाले, "रीत शे." अशा माणसाचं काय करायचं सांगा. शिव्या द्याव्यात तर पायाला पट्टी, आणि पाया पडावं तर तोंडात हे.

लग्नाला आप्पा लंगडत आले आणि सगळ्यांना बाजूला सारत तोरणाच्या अगदी पुढ्यात जाऊन उभे राहिले. वरात आली. डीजे एवढा मोठा की आप्पांनासुद्धा ऐकू येत असावा. मुलगा घोडीवर. खिशात नव्हे, समोर, सगळ्यांना दिसेल असा उजवा हात. आजी मांडवाच्या खांबाला धरून उभी. मुलाने मूठ धरली, ओढली, आणि ती आली. दुधावरून साय ओढावी तशी आली. त्याने ती वर नेली, तोरणाला टेकवली, आंब्याचं एक पान खाली पडलं. कुणाच्या काही लक्षातही आलं नाही. लोक नाचत होते, जेवणाची चौकशी करत होते. लक्षात येऊ नये एवढंच तर हवं होतं.

मी डोळे पुसतेय तोवर पाहते तर आप्पा घोडीपाशी पोचलेले. त्यांनी नवरदेवाच्या कमरेचं रिकामं म्यान सोडलं, काखेत मारलं आणि चालू लागले. मुलगा घोडीवर, हातात धारेची नागडी तलवार, आणि ती ठेवायला जागा नाही. आजी ओरडली. मुलीकडची माणसं माझ्याकडे पाहायला लागली. मी नेसत्या पैठणीनिशी मंडपातून त्यांच्यामागे पळाले. आप्पा आचाऱ्याच्या भट्टीपाशी जाऊन बसले होते आणि वरणाच्या पातेल्याशेजारी सरसाची डबी तापत ठेवली होती.

"ढिलं म्यान रातभर कोनाबी घरमा ठेवाव नही मी," ते म्हणाले. "पोरं-सोरं राहतस."

मंगलाष्टकं झाली, सप्तपदी झाली. नवरदेवाची तलवार सबंध वेळ त्याच्या मामाने दोन्ही हातांनी पुढे धरली होती, त्याचा चेहरा पूजेचं ताट धरल्यासारखा. जेवणाच्या वेळेला आप्पा म्यान घेऊन आले. आत, तोंडापाशी, बकऱ्याच्या कातड्याची पातळ पट्टी चिकटवली होती. मुलाला म्हणाले, ओढ. त्याला ओढेना. चिमूटभर सोलून काढलं. पुन्हा ओढ. दात आवळून ओढली, निघाली.

"एवढंच आते," आप्पा म्हणाले. "हात चालू ठेव. दसराले ये."

मुलगा दसऱ्याला आला. हाताला जेवढा जोर आला होता तेवढीच आप्पांनी आणखी एक पट्टी लावली, उलटं धरलं, तलवार सरकली, पडता पडता त्यांनी धरली. पुढच्या दसऱ्याला पुन्हा. दर दसऱ्याला माझं दुकान हारांनी सजलेलं, गिऱ्हाईक उभं, आणि मागे हे दोघं हातावर हात दाबत बसलेले. मुलगा घरी ओलं कापड पिळायचा, कणीक मळायचा. त्याची बायको सांगायची की आता कणीक मळण्यावरून आमचं भांडण होत नाही. मी मात्र भांडायची. माझ्या डझनभर तलवारींसाठी इतकी वर्षं एक ढिलं म्यान मागितलं, ते काही दिलं नाही. जन्मात केलं ते एकच, आणि तेही त्याच दुपारी परत घेतलं.

मग आप्पांचे डोळे गेले. म्हणजे मोतीबिंदू, पण काढून घेतील तर ना. त्यांची मुलगी त्यांना दोंडाईचाला घेऊन गेली. जाताना खोली साफ करायला मी किती उत्सुक होते. पण त्यांनी कापून ठेवलेल्या कातड्याच्या पट्ट्या आणि सरसाचं भांडं टाकवेना. फोन मात्र ते रोज करायचे. ऐकू येत नाही आणि बोलायला थांबायचं नाही, हा फोन कसा असेल याची कल्पना करा. कुठल्या दोऱ्याची तलवार कुठे गेली, परत आली का, एवढंच.

या दसऱ्याला मुलगा आला तेव्हा सरस मीच तापवला. गिऱ्हाईक बाईने पदर नाकाला लावून विचारलं, "आ शेनी वास?" मी सांगून टाकलं, "सरस छे. बकरानुं चामडुं." पट्टी लावली, वाळू दिली. फोन स्पीकरवर होता आणि आप्पा दोंडाईचाहून ओरडत होते.

"उलटी धर. पायवर."

धरली, मी म्हणाले.

"चप्पल काढी का?"

काढली, मी म्हणाले. काढली नव्हती. पलीकडे ते गप्प राहिले. कितीही ओरडलं तरी ज्यांना नीट ऐकू येत नाही ते त्या वेळी काय ऐकत होते मला माहीत नाही. मी वाकले, चप्पल काढून बाजूला सारली, आणि उघड्या पायावर म्यान उलटं धरून झटका दिला.

"पडनी का?"

पडली नव्हती. माझ्या पायाच्या वर, मूठ खाली, ती तशीच बसून होती. मी म्यान सुलट करून मुलाच्या पुढे धरलं. त्याने अंगठा आणि दोन बोटांनी मूठ पकडली. हाताच्या शिरा फुगल्या. मग ती आली, सावकाश, एका दमात, सगळी.

"निंघनी का?" आप्पा विचारत होते. "ताई, निंघनी का?"

मी सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच विचारत राहिले. शेवटी मी भरलेल्या दुकानात, शेरवान्या घातलेल्या नवरदेवांच्या आणि त्यांच्या आयांच्या समोर, अनवाणी उभी राहून जेवढा गळ्यात होता तेवढा आवाज काढून ओरडले, "निंघनी, आप्पा, निंघनी."

"मंग वरडस कसाले?" ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला.